तीनशे बारा झाकणं आणि एक बटण

पाहुणे येणार म्हटलं की माणूस घर आवरतो. मी वेबसाइट आवरायला घेतली, एवढाच माझा अपराध. तो मी कबूल करतो. पण आमच्या घरात ज्या सुरात त्याचा उल्लेख होतो तो सूर मला मान्य नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

वेबसाइट मी बनवली असली तरी तिच्यातला मजकूर सगळा माझ्या सासऱ्यांचा. अण्णा चाळीस वर्षं पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, आत लांब दांड्याची चावी घालायची, ठरलेले फेरे फिरवायचे आणि या गल्लीचं पाणी बंद करून त्या गल्लीचं सोडायचं, हे त्यांचं काम. कुठलं झाकण कुठे आहे याचा खात्याकडे नकाशा आहे, पण नकाशा आणि रस्ता यांचं कधीच पटलेलं नाही. खरं काय ते अण्णांच्या डोक्यात, आणि त्या डोक्याचं वय चौऱ्याऐंशी. आपलं जेवण झालं की व्हायचंय हे ते अलीकडे अधूनमधून माझ्या बायकोला विचारतात. विचारताना आवाज अगदी सहज ठेवतात. त्या सहजपणाचीच तिला भीती वाटते.

म्हणून गेल्या वर्षी तिनं ठरवलं की हे सगळं लिहून ठेवायचं. आमच्या घरात तिनं ठरवलं याचा अर्थ मी करायचं. रोज सकाळी अण्णांना घेऊन मी फिरायला निघे, ते काठीनं झाकण दाखवत, मी फोटो काढी आणि घरी आल्यावर ते सांगतील तो मजकूर फोटोखाली टाइप करी. ‘दवाखान्याची चावी. उलटी बसवलेली आहे. बंद करायची तर डावीकडे. उजवीकडे फिरवणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर फिरवावी.’ ‘शिवणाच्या बाईंच्या घरासमोर. चौदा फेरे. कुत्रा आहे.’ हा कुत्रा वीस वर्षांपूर्वीचा असणार, असं मी नम्रपणे सुचवलं होतं. अण्णा म्हणाले, लिहा, दुसरा आला असेल. अशी तीनशे बारा झाकणं झाली.

आणि मग वेबसाइटची बातमी कानावर जाऊन खात्याचं पत्र आलं. मुख्य नळ बदलायचा आहे, रस्ते खणायचे आहेत, तरी सदर संकेतस्थळाची पाहणी करण्यासाठी अभियंता गुरुवारी सकाळी अकरा वाजता आपल्या निवासस्थानी येतील. माहिती विश्वासार्ह आढळल्यास ती खात्याच्या दप्तरी घेण्यात येईल. खात्यानं अण्णांना याआधी पाठवलेली पत्रं म्हणजे बदलीची आणि कारणे दाखवा अशी. हे पत्र त्यांनी तीनदा वाचलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. अंघोळीला जाताना ते रेडिओखाली ठेवत आणि आल्यावर पुन्हा खिशात घालत.

आता मुद्द्यावर येतो. वेबसाइटवरचे फोटो सांभाळायला चार जोडयंत्रं लावलेली आहेत. त्यांना प्लगइन म्हणतात. एक फोटो गल्लीवार कप्प्यांत ठेवतं, दुसरं त्यांचं वजन कमी करतं, तिसरं ते पानावर मांडून दाखवतं आणि चौथं अडगळ काढून टाकतं. सोमवारी सकाळी मी वेबसाइटच्या मागच्या बाजूला, म्हणजे जिथे फक्त मालकानं जायचं तिथे गेलो, तर कोपऱ्यात तांबड्या गोलात चार हा आकडा. चारही प्लगइनच्या नव्या आवृत्त्या निघाल्या होत्या आणि माझ्याकडून त्या घ्यायच्या राहिल्या होत्या. मी भूमापन कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आहे. माझ्या टेबलावर चार प्रकरणं प्रलंबित आहेत असं कोणा अभियंत्यानं येऊन पाहावं, ही कल्पना मला सहन होईना.

तरी मी उतावीळ नाही. आधी सल्ला घेतला. समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त लिफ्ट-तपासनीस राहतात. तीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासल्या आणि स्वतः ते अजूनही जिन्यानंच जातात. त्यांचं म्हणणं, कुठलंही यंत्र दुरुस्तीनंतर तीन दिवसांत बिघडतं, त्याची त्यांच्याकडे वही आहे. दुरुस्ती न केलेली यंत्रं किती दिवसांत बिघडतात, असं मी विचारलं. त्यांची वही ठेवायची खात्याकडे तरतूद नव्हती, असं ते म्हणाले.

वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर राहतात. त्या जिन्यात भेटल्या. त्यांना मी चार प्लगइन एकदम बदलतोय हे सांगितल्यावर त्यांनी मला तोंड उघडायला सांगताना बघतात तसं बघितलं. त्या एका बैठकीत एकच दात काढतात, आणि तोही आधी एक्स-रे बघून, असं म्हणाल्या. दाताची गोष्ट वेगळी, असं मी समजुतीच्या स्वरात सांगितलं. दात परत लावता येत नाही, इथे सगळं परत लावता येतं. हे वाक्य मी तेव्हा इतक्या आत्मविश्वासानं उच्चारलं, की त्या वर निघून गेल्या.

मग मेव्हण्याला फोन केला. बायकोचा धाकटा भाऊ लांबच्या शहरात कॉम्प्युटरमध्ये काम करतो. म्हणजे नक्की काय करतो हे त्यानं दोनदा समजावून सांगितलं आहे आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली आहे. तो म्हणाला, भावोजी, दोनच गोष्टी करा. वेबसाइटची अख्खी प्रत काढून सुरक्षित ठेवा, आणि नव्या आवृत्त्या आधी वेबसाइटच्या नकलेवर लावून बघा, नीट चाललं तरच खऱ्यावर लावा. नक्कल कशी उभी करायची ते मी सांगतो, उद्या संध्याकाळी मोकळा आहे.

नकलेचं ऐकून माझ्या स्वाभिमानाला धक्का बसला. एकतीस वर्षं मी नकला तपासून त्यांवर ‘अस्सलबरहुकूम’ असा शिक्का मारला. आधी अस्सल, मग नक्कल, हा जगाचा क्रम आहे. आधी नकलेवर काम करून मग ते अस्सलवर करायचं, ही रीत मला पोरकट वाटली. ती सूचना मी दप्तरी दाखल केली. प्रत काढायची सूचना मात्र मला पटली. प्रत काढणं हे माझं क्षेत्र आहे.

प्रत निघाली. भलीमोठी फाइल होती. आता ती ठेवायची कुठे, हा प्रश्न. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये महत्त्वाची प्रत्येक वस्तू रेकॉर्ड रूममध्येच ठेवायची शिस्त होती. कपाटांच्या जादा चाव्यासुद्धा आम्ही एका कपाटात कुलपात ठेवत असू, आणि ते कपाट उघडायची वेळ आली तेव्हा लोहार बोलवावा लागला, तरी शिस्त आम्ही सोडली नाही. त्याच शिस्तीनं मी ती प्रत वेबसाइटच्याच फोटोंच्या कोठारात चढवली आणि तिच्याखाली ‘सुरक्षित प्रत, हात लावू नये’ असा मजकूर टाइप केला. मग चारही प्लगइनसमोर खुणा केल्या आणि बटण दाबलं.

एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली. मी हातांची घडी घालून बसलो होतो. पट्टी शेवटाला पोचली आणि पान पांढरं झालं. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती, तिचा भावार्थ असा की या संकेतस्थळावर गंभीर बिघाड झाला आहे. कोणामुळे झाला हे लिहिलेलं नव्हतं, इतका सुसंस्कृतपणा त्यांनी दाखवला.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “झालं का?” मी म्हटलं, झालं. हे खोटं नव्हतं.

वेबसाइटला इंटरनेटवर जागा देणारी एक कंपनी असते. तिच्या मदत केंद्राला मी सविस्तर अर्ज लिहिला, विषय आणि संदर्भ घालून. लगेच उत्तर आलं की तुमची तक्रार आम्हाला मोलाची वाटते, तिचा क्रमांक अमुक, क्रमांक नऊ आकडी. तासाभरानं दुसरं उत्तर आलं की हा बिघाड प्लगइनचा आहे, तरी त्यांच्या कर्त्यांशी संपर्क साधावा. कर्त्यांना लिहिलं. त्यांनी कळवलं की हा प्रश्न जागेचा दिसतो, तरी जागावाल्यांशी संपर्क साधावा. जागावाल्यांनी नवा क्रमांक दिला आणि जुना अर्ज निकाली काढला. मला राग यायला हवा होता, पण मी त्या उत्तरांकडे काहीसा आदरानंच बघत राहिलो. ‘संबंधितांशी संपर्क साधावा’ हा रबरी शिक्का मी स्वतः बनवून घेतला होता आणि तो झिजला म्हणून नोकरीत दोनदा बदलला होता. तो आपल्याच कपाळावर बसल्यावर कसा लागतो, हे कळायचं राहून गेलं होतं.

मंगळवारी दुपारी जागावाल्यांकडच्या एका भल्या बाईनं युक्ती सांगितली. कप्पेवाल्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, म्हणजे ते आपोआप बंद पडेल आणि वेबसाइट उघडेल. चार मिनिटांत उघडली. मग माझी सेवा कशी वाटली, पाचपैकी तारे द्या, असं तिनं विचारलं. मी पाच दिले. मनात आलं, आम्हाला कोणी तारे दिले असते तर आम्ही कुठे तोंड लपवलं असतं.

मी बायकोला बोलावून दाखवलं. गल्ल्यांचे कप्पे गेले होते, पण तीनशे बारा झाकणं होती आणि प्रत्येकाखाली मजकूर होता. ती म्हणाली, छान. मीही छान म्हणणार होतो, तेवढ्यात ‘शिवणाच्या बाईंच्या घरासमोर’ या ओळीवरच्या फोटोत मला स्वतःचा पाय दिसला. पायात चपलेचा तुटलेला अंगठा होता. माझी चप्पल तुटली होती पोस्टाच्या मागे. तिथून घरापर्यंत मी एक पाय घासत आलो होतो आणि अण्णा वाटभर मला दुसरी झाकणं दाखवत होते, त्यामुळे ती जागा मी जन्मात विसरणार नाही.

मग उलगडा झाला. वजन कमी करणाऱ्या प्लगइनच्या नव्या आवृत्तीनं सगळ्या फोटोंची वजनं बदलली. कप्पेवाल्यानं बंद पडायच्या आधी फोटो वजनाच्या क्रमानं उभे केले. मजकूर मात्र जुन्याच क्रमानं उभा राहिला. म्हणजे तीनशे बारा झाकणं आणि तीनशे बारा मजकूर, सगळे हजर, आणि कोण कोणाचा याचा पत्ता नाही. सुरक्षित प्रत घ्यावी म्हणून कोठारात गेलो, तर ती नव्हती. अडगळ काढणाऱ्या प्लगइननं ती काढली होती. शेरा होता: ही फाइल कुठल्याही पानावर वापरात नाही. शेरा बिनचूक होता. मी तिला हात लावायला कोणाला परवानगीच दिली नव्हती.

आता एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. लोखंडी झाकण हे लोखंडी झाकणासारखंच दिसतं. माझ्या बायकोला काही कळलं नव्हतं. अभियंत्यालाही कळलं नसतं. पान भरलेलं दिसत होतं, मजकूर वजनदार होता, आणि गुरुवारी अकरा वाजता ‘विश्वासार्ह’ असा शेरा पडून अण्णांचं नाव खात्याच्या दप्तरी गेलं असतं. या विचाराशी मी चहा येईपर्यंत एकटा बसलो होतो, हे मी लपवत नाही. मग डोळ्यांपुढे आलं की कोणी एक नवा चावीवाला हे पान बघून दवाखान्याच्या झाकणाशी बसला आहे आणि तिसऱ्याच गल्लीचे चौदा फेरे मन लावून उजवीकडे फिरवतो आहे. चहा आला. बायकोला सगळं सांगितलं.

तिनं कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, “अण्णांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

अण्णा गॅलरीत खुर्चीवर होते. मी उभ्यानंच सांगितलं. प्लगइन म्हणजे काय इथपासून सुरुवात केली, पण त्यांनी हातानं थांबवलं.

“एका वेळी किती फिरवल्या?”

“चार.”

“पाणी चालू असताना?”

पाहणारे पाहत असताना, चालू वेबसाइटवर, या अर्थानं मी हो म्हटलं.

“मागे घ्यायची वेळ आली तर किती फेरे, ते लिहून ठेवलं होतं?”

“प्रत काढली होती. ती आतच ठेवली.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, ओळख पटल्यासारखं. “जावईबापू,” ते म्हणाले, “मला वाटत होतं तुम्ही कारकून होतात. तुम्ही तर साहेब निघालात.”

एकतीस वर्षं मी साहेब होण्याची वाट बघितली होती. झालो, आणि तो असा. मी आत जाऊन पंखा लावला आणि त्याच्याखाली बसलो. पंखा लावायला उकडत नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी मेव्हणा फोनवर आला. वेबसाइटची नक्कल कशी उभी करायची ते त्यानं एकेक पायरी सांगितलं, आणि मी या वेळी निमूट ऐकलं. बुधवारी सकाळी अण्णा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. आधी आज आहे त्याची प्रत पेनड्राइव्हवर काढून ती त्यांच्या हातात द्यावी लागली. ती त्यांनी पत्राच्या खिशात ठेवली. मग नकलेवर चारही प्लगइन जुन्या आवृत्तीवर नेली आणि नवी लावली ती एकाच प्लगइनला. “थांबा,” ते म्हणाले. “आता पाणी बघा.” म्हणजे पाच पानं उघडून बघा, फोटो दिसतात का, मजकूर हलला का. बघितलं. “लिहा.” वहीत लिहिलं: जुनी आवृत्ती कुठली, नवी कुठली, वेळ काय. मग दुसरं. दुसऱ्याला, म्हणजे वजनवाल्याला, नवी आवृत्ती लागल्याबरोबर फोटो हलू लागले. अण्णा म्हणाले, मागे. मागे घेतलं. मेव्हणा फोनवर म्हणाला, त्यात एक खूण करायची असते, जुन्या फोटोंना हात लावू नये अशी. खूण केली, पुन्हा लावलं, फोटो हलले नाहीत. कप्पेवाल्याच्या अंगावरही तशीच एक खूण निघाली. अडगळवाल्याला कायमची विश्रांती दिली. मग तेच सगळं त्याच क्रमानं अस्सलवर. दीड तास गेला. मेव्हणा म्हणाला की त्याच्या ऑफिसात अगदी असंच करतात, पण त्यासाठी बारा माणसांची बैठक घेतात. अण्णांनी हे ऐकलं आणि बारा माणसं एका चावीशी काय करतात, असं विचारलं.

यंत्रं सुधारली, पण फोटो आणि मजकूर यांची लग्नं चुकीची लागलेली तशीच होती. तीनशे बारा झाकणं अण्णांनी पुन्हा ओळखायची, मी त्यांच्यापुढे योग्य तो मजकूर शोधून आणून बसवायचा, दुसरा इलाज नव्हता. माझ्या बायकोचा चेहरा मी बघितला. तिला जी भीती होती ती मी बटण दाबून घराच्या मध्यभागी आणून ठेवली होती. अण्णांना आठवेल का, आणि नाही आठवलं तर ते त्यांना आमच्यादेखत कळेल, हे त्यात होतं. मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली की विनोद सुचला नाही. तो प्रसंग माझ्या आयुष्यात विरळा.

पण अण्णा सुटले. ते झाकणाकडे बघतच नव्हते, झाकणाच्या कडेला बघत होते. ही फरशी तिरकी, म्हणजे पिठाच्या गिरणीचं. इथे सावली जाळीची पडलीय, म्हणजे शाळेचं मागचं फाटक, एकोणीस फेरे. हे नवीन झाकण आहे, जुनं चोरीला गेलं होतं, तेव्हा दोन दिवस मी वर खुर्ची टाकून बसलो होतो. संध्याकाळी दिवे लागायच्या आत दोनशे दहा झाली. लिफ्ट-तपासनीस मध्ये डोकावून गेले आणि बिघाड तिसऱ्या दिवसाच्या आतलाच आहे याची वहीत नोंद करण्यासाठी तारीख विचारून गेले.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना बेल वाजली. रात्री आणि सकाळी बसूनही अजून सदतीस झाकणं राहिली होती. अभियंता म्हणजे तिशीतल्या एक बाई होत्या, हातात फॉर्म, बुटांना चिखल. मी दारातच सांगून टाकलं की मजकूर माझ्यामुळे फोटोंपासून सुटला आहे, चार प्लगइन एकदम बदलली, अण्णांचा काही दोष नाही. लांबवलं असतं तर धीर गेला असता. त्या म्हणाल्या, आमच्या खात्याचा नकाशा गेल्या वर्षी असाच गेला, फक्त आमच्याकडे अजून कोणी ते सांगितलेलं नाही. मग स्टूल ओढून बसल्या. चालू द्या, मी बघते, म्हणाल्या.

चालू राहिलं. त्यांच्यासमोर अण्णा जरा ताठ बसले होते. छत्तीस राहिली, तीस राहिली, वीस राहिली. बाई मध्येच एखाद्या चावीबद्दल विचारत, अण्णा सांगत, आणि त्या आपल्याकडच्या कागदावर काहीतरी खोडत. मग एक फोटो आला. साधं झाकण, कडेला साधा डांबरी रस्ता, एका कोपऱ्यात निळ्या रंगाचा थोडा पत्रा.

अण्णा बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हे,” ते म्हणाले, आणि थांबले. बाईंनी पेन खाली ठेवलं. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात होती, ती तिथेच राहिली. अण्णांचा हात खिशाकडे गेला, पत्रावर, आणि तिथेच राहिला. “हे आपलं,” ते पुन्हा म्हणाले. आवाज अगदी सहज होता.

मला तो निळा पत्रा माहीत होता. गेल्या वर्षी त्या सकाळी ऊन लागत होतं म्हणून मी त्याच्या सावलीत उभा राहून कुरकुर करत होतो, की रोज हे काय लावलंय, चाव्या मोजून कोणाचं भलं होणार आहे. अण्णा बोलत होते आणि मी ऐकत नव्हतो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

“सायकलदुरुस्तीच्या टपरीमागे,” मी म्हटलं. “सव्वीस फेरे. तेराव्याला अडकते, तेव्हा जोर लावायचा नाही. अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि मग पुढे.”

हे सगळं आपल्याला कुठून येतंय ते मलाच कळेना. अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“अर्धा नाही,” ते म्हणाले. “पाऊण.”

मी मजकूर शोधून काढला. त्यात पाऊण होतं. बसवला. बायकोनं ट्रे टेबलावर ठेवला, आणि कप बशीत नीट बसलेले असूनही पुन्हा एकेक उचलून बसवत राहिली. उरलेली झाकणं अण्णांनी एका दमात सांगितली.

सगळं संपल्यावर बाईंनी फॉर्म काढला. माहिती विश्वासार्ह आढळली, यापुढे खूण केली. खाली एक रकाना होता, माहिती देणाऱ्याचं नाव, आणि त्यापुढे एकच ओळ. त्यांनी अण्णांचं नाव विचारून लिहिलं आणि सही घ्यायला फॉर्म पुढे केला. अण्णांनी पेन घेतलं नाही.

“दुसरं नाव पण घाला,” ते म्हणाले. “यांचं.”

रकान्यात एकाच नावाची जागा आहे, असं मीच म्हटलं. सवयीनं म्हटलं.

“मला हल्ली कधी कधी आठवत नाही,” अण्णा बाईंना म्हणाले. हे ते आमच्या घरात आजवर कोणाला म्हणाले नव्हते. “मला आठवलं नाही तर यांना विचारा. पण हे सांगतील तसं करायच्या आधी एकदा मला विचारा.”

बाईंनी अण्णांच्या नावाखाली, ओळ नसलेल्या जागी, बारीक अक्षरात माझं नाव लिहिलं आणि अण्णा म्हणाले ते वाक्य जसंच्या तसं शेऱ्यात उतरवून घेतलं. आधी त्यांनी सही केली, मग मी.